दोन खोल्यांचं मृत्युपत्र

काका,

आईने तुमच्याशी लग्न केलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. 'बाबा म्हण' असा आग्रह तुम्ही कधी धरला नाहीत.

चाळिशीतच तुम्ही मृत्युपत्र केलंत. तुमच्या पुस्तकबांधणीच्या दुकानाशेजारचे सलूनवाले दादा हसले होते, "अहो, दोन खोल्यांसाठी कसलं मृत्युपत्र? आणि एवढी घाई?"

"हात थरथरायला लागल्यावर सही कशी करू? एक साक्षीदार तू हो. माझ्याहून लहान आहेस, मागे उरशील."

तुम्ही गेल्यावर आठवड्याभरात तुमच्या बहीण आल्या. "तू काही आमच्या रक्ताची नाहीस. घर रिकामं कर," म्हणाल्या. आई आधीच गेलेली. मी कुठे जाणार होते? मी कागद पुढे ठेवला, दादांनी येऊन आपली सही दाखवली. आत्यांनी तो दोनदा वाचला. "त्यानेच ठरवलंय, मग माझं काही म्हणणं नाही," म्हणाल्या आणि चहा घेऊन गेल्या.

मग मी तो सावकाश वाचला. माझ्या नावापुढे 'माझी मुलगी' एवढंच होतं. खालची तारीख पाहिली. त्या महिन्यात मी तुमच्याशी अबोला धरला होता.

तुमच्याच घरातून,
तुमची मुलगी