यंत्राचा आवाज

फिनिक्स, जानेवारी

प्रिय आर्वो,

बाळ गुटगुटीत आहे, लेकही आता नीट जेवते. इथे इतकं ऊन आहे, की माझी लोकरीची टोपी बघून जावई हसतो. तू शनिवारी वाफेच्या अंघोळीला सौना तापवतोस ना?

पार्सलमध्ये बर्फ उडवायच्या यंत्राचा नवा कार्बुरेटर आहे. उन्हाळाभर टाकीत पेट्रोल तसंच ठेवलंस, त्याचा चिकटा होऊन जुना चोंदला. दरवर्षी कानीकपाळी ओरडते, पण ऐकेल तो आर्वो कसला! आधी पेट्रोलचा नळ बंद कर. स्प्रिंग कुठल्या भोकात अडकवलीय ते बघून मगच जुना काढ. गास्केटही नवीच घाल.

शेजारच्या साइमीचा फोन आला होता. म्हणाली, "तुमचं अंगण रोज उजाडायच्या आत रस्त्यापर्यंत लख्ख, बर्फाचा कण नाही! आर्वोची तब्येत झकास दिसतेय. यंत्राचा आवाज तेवढा कधी येत नाही."

फावडं आजच तिच्याकडे देऊन ये. तुझ्या हृदयाच्या ऑपरेशनला अजून वर्षही झालं नाही. मला लख्ख अंगण नको, आर्वो. यंत्राचा आवाज आला की कळव, असं साइमीला सांगून ठेवलंय. तोवर मी फोनजवळून हलत नाही.

तुझीच,
हेल्मी