दादाला, न फेकलेल्या कासवांबद्दल

दादास,

शिंपलीचा नमस्कार. (नाव तूच ठेवलंस, आता सगळे तेच म्हणतात. दुसरं काही लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं पत्र चुकून आलं.) आम्ही सगळे बरे आहोत असं वर लिहायचं असतं, पण तसं काही नाही. मामी बरी नाहीये. म्हणजे ताप-बिप नाही, पण परवा तिने एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची कमी करताना दोन्ही पाय खालून शिवून बंद करून टाकले आणि वर छान इस्त्री करून घडी घालून दिली. घरी जाऊन पाय घालेपर्यंत त्या माणसालाही कळलं नाही. तो भांडायला आला, तर मामी म्हणाली, बसा, उसवून देते, आणि उसवताना रडायलाच लागली. मग तो बिचारा म्हणाला, राहू दे बाई, मी तशीच वापरतो. तुझा गुडघा कसा आहे? जेवतोस का? मामीने विचारलंय. मीही विचारलंय असं समज.

त्या संध्याकाळी स्केटिंगची स्पर्धा सोडून गेल्यावर तू मामीला फोन करून एवढंच म्हणालास, "आई, मी बर्फ सोडला. आपल्याच लोकांनी हात वर करून नको म्हटलं, मी स्क्रीनवर बघितलं." आणि फोन बंद केलास तो अजून बंदच आहे. म्हणून लिहिते आहे. फोन चालू असता तरी मी बोलू शकले नसते, तुला माहीत आहे. गिऱ्हाईक आलं की मी अजून मशीनखाली वाकून नसलेला दोरा शोधते. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून बरं पडतं. (शाळा सोडली, अक्षर नाही सोडलं.)

तर आधी महत्त्वाचं सांगते, मग बाकीचं. ते हात तुझ्याविरुद्ध नव्हते. ते मतदान होतं.

आता हसू नकोस. किंवा हस, चालेल. तुझ्या चाहत्यांचं मंडळ कसं चालतं ते तुला कुणी सांगितलं नसेल. मागे एकदा फलकाच्या रंगावरून दोन जणांत इतकं वाजलं की अर्धा फलक लाल आणि अर्धा हिरवा झाला, आणि लोक विचारायला लागले की कुठल्या रंगाच्या दुकानाची जाहिरात आहे. तेव्हापासून अध्यक्षबाईंनी नियम केला की हात वर करून बहुमत झाल्याशिवाय काही करायचं नाही. (अध्यक्षबाई म्हणजे दातांच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. त्या "आ करा" म्हणाल्या की मोठमोठी माणसं आ करतात, त्यामुळे अध्यक्ष दुसरं कोण होणार.) बस चहाला थांबवायची का, हात वर. खिडकी उघडायची का, हात वर. एकदा बसवाले काका म्हणाले, पुढे रस्ता बंद आहे, वळवू का, तर त्यावरही मत घेतलं, आणि वळवायचं नाही असं ठरलं. काकांनी तरीही बस वळवली म्हणून आम्ही पोचलो.

हॉलमध्ये आम्हाला पहिल्याच रांगा मिळाल्या होत्या. प्रत्येकाच्या मांडीवर कापडी कासव. तू त्या मुलाखतीत म्हणालास ना, की लहानपणी आईने शिवलेलं कापडी कासव एवढं एकच खेळणं होतं, तेव्हापासून दुकानात आम्ही दुसरं काय करतो? उरलेल्या अस्तराची पाठ, चिंध्यांचं पोट, डोळ्याला शर्टाचं बटण. तुझा नाच संपला की अध्यक्षबाई पहिलं कासव बर्फावर टाकतात आणि मग आम्ही सगळे. दर वेळी तसंच. मला तर तेवढ्यासाठीच जायला आवडतं, कारण तेव्हा सगळे ओरडत असतात, मी ओरडले नाही तरी कळत नाही.

तू पडलास ते मी लिहीत नाही, तू तिथे होतास. फक्त एवढंच की पहिल्या उडीला पडलास तेव्हा आमच्या सबंध रांगेने एकदम पाय आखडून घेतले, जसं काही आम्हीच खाली आलो. दुसऱ्या उडीत चार गिरक्यांच्या जागी एकच झाली, तेव्हा बसवाले काकांनी पायाने ब्रेक दाबला. खरंच दाबला, पुढच्या खुर्चीवर. तिसऱ्या उडीला पुन्हा पडून उठलास, गुडघ्यावरचा बर्फ झटकलास आणि लगेच पुढच्या उडीला गेलास. ती चांगली झाली होती, दादा. ती कुणी लक्षातच घेतली नाही.

संगीत संपलं. तू मधोमध उभा. अध्यक्षबाईंनी हात मागे नेला आणि तसाच ठेवला. म्हणाल्या, थांबा. कासव म्हणजे हळू चालणारं. आज टाकलं तर टोमणा वाटेल. काका म्हणाले, अहो, ते लेकरू उभं आहे तिथे, टाका. कॅशियर आजोबा (बँकेतून निवृत्त, फार शिस्तीचे) म्हणाले, नियम आहे, मत घ्या. आणि मत घेतलं. टाकायचं असेल त्यांनी हात वर करा. सगळे हात वर गेले, दादा. म्हणजे जवळजवळ सगळे. पण आजोबांनी दोन्ही हात वर केले होते, एक स्वतःचा आणि एक बाथरूमला गेलेल्या आजींचा, त्यावरून अध्यक्षबाईंनी हरकत घेतली आणि पुन्हा मोजायला घेतलं. कॅमेरा नेमका तेव्हाच आमच्याकडे वळला. टीव्हीवर समालोचन करणारा माणूस म्हणाला म्हणे, की नाराज चाहते हात उंचावून निषेध करत आहेत. (मामीने दुकानात ऐकलं. बघितलं नाही, ती तू असलास की टीव्हीकडे पाठ करून बसते.) मोजणी संपली, टाकायचं ठरलं, सगळे उठून उभे राहिले, आणि बर्फावर कुणी नव्हतं.

बसवाले काकांनी तरी आपलं टाकलंच. ते बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाडीच्या टपावर पडलं. चालवणाऱ्याला पत्ता नाही. ते कासव अख्ख्या मैदानाला फेऱ्या मारत राहिलं आणि आम्ही उभं राहून बघत बसलो. कुणी हसलं नाही. दुसऱ्या कुठल्याही दिवशी आम्ही हसून मेलो असतो.

बाकीच्यांचंही त्या दिवशी काही खरं नव्हतं, हे तुला माहीत असेलच. सगळेच पडले. जो पहिला आला तो पदक घेताना असा उभा होता, जसं काही कुणाची तरी चप्पल चुकून घालून आलाय. नंतर खाली कँटीनमध्ये निळ्या टोप्यांवाले बसले होते, त्या उंच मुलाचे चाहते. त्यांच्यातली एक बाई अध्यक्षबाईंना म्हणाली, तुमचा निदान उडी मारून पडला, आमचा तर नमस्कार करताना पडला. अध्यक्षबाई म्हणाल्या, असं नका म्हणू, छान पडला तुमचाही. मग दोघी एकाच रुमालाने रडल्या. परतीच्या बसमध्ये काका वळण चुकले आणि कुणी सांगितलं नाही. अध्यक्षबाईंनी राजीनामा दिला. तो मंजूर आहे का, असं आजोबांनी सवयीने विचारलं. एकही हात वर झाला नाही. हात मोकळेही नव्हते म्हणा, सगळे आपापलं कासव धरून बसले होते.

आणि दुकानात तर विचारू नकोस. चेन बदलायला येणारा प्रत्येक माणूस आता उड्यांमधला जाणकार आहे. पोस्टमननी तर तू कुठे चुकलास ते इस्त्रीचं टेबल आणि कपाट यांच्या मधल्या जागेत करून दाखवलं. त्यांची कंबर धरली ती अजून सुटलेली नाही, आणि दोन दिवस गल्लीतली पत्रं त्यांची बायको वाटते आहे. जाताना कळवळत म्हणाले, "शिंपले, अवघड असतं गं ते." मामी पहिल्यांदा हसली. मग लगेच आत गेली.

मला वाईट कशाचं वाटतं सांगू? मी अगदी कठड्याला लागून बसले होते. कुणाला न विचारता टाकता आलं असतं. हात वर करायलाही लाजले मी, आणि टाकायलाही. तू चारी बाजूंना वाकलास, आमच्याकडे सगळ्यात शेवटी, आणि जरा जास्त वेळ थांबलास. मी तुझ्याकडे बघत होते. तू वाट बघत होतास.

तू परत खेळ म्हणून मी हे लिहीत नाही. सोडायचं तर सोड, तुझे गुडघे तुझे आहेत. फक्त आम्हाला तू नको होतास असं समजून सोडू नकोस. ते खोटं आहे. आम्ही नुसते बावळट आहोत. मला याशिवाय काही मागायचं नाही. उत्तरही नको.

लहान आहे म्हणून तुला काही सांगू न शकणारी, आणि तरी इतकं सांगून बसलेली,
शिंपली

ता. क. : अध्यक्षबाईंचा निरोप आहे की यापुढे हॉलमध्ये मतदान बंद. हा ठराव बहुमताने झाला.

ता. क. : काही मागायचं नाही असं वर लिहिलं ते दुकानात बसून लिहिलं होतं. आता अक्षर वाकडं येतंय कारण मांडीवर पिशवी ठेवून लिहिते आहे. तुझ्या सरांनी खोलीचा पत्ता दिला. मी तुझ्या दाराबाहेर जिन्यात बसले आहे. बेलवर दोनदा बोट ठेवलं आणि काढून घेतलं. वरच्या मजल्यावरच्या बाई येता-जाता विचारतात, कोण हवंय, आणि मी चपलेचा पट्टा नीट करते.

ता. क. : मामी खाली फाटकापाशी उभी आहे. मी वर गेले तर तो चिडेल, तू जा, म्हणाली. हे त्याला सांगू नकोस असंही म्हणाली. दार उघडायचं नसेल तर नको उघडूस, मी पत्र आत सरकवते. वाचून झालं की आतून फक्त एकदा टकटक कर. मग मी खाली जाऊन तिला सांगते, आहे.