डोळे मिटून, मोठ्याने

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहिणार. फक्त स्वतःसाठी.

लेक म्हणते, मला राग येतो. मला राग येत नाही. मला चूक दिसते. ती इतरांना दिसत नाही म्हणून सांगावी लागते, आणि एकदा सांगून कळत नाही म्हणून मोठ्याने सांगावी लागते. याला राग म्हणत नाहीत. तरीपण.

प्रकरण असं. मागच्या खेपेला नातीने नुकत्याच पुसलेल्या काचेवर पाचही बोटं टेकवली. (नातीला आम्ही भुंगी म्हणतो, सतत गुणगुणते म्हणून.) फ्रेम कस्टमरला त्याच दिवशी द्यायची होती. मी बोललो ते रास्तच होतं. पण भुंगी कामाच्या टेबलाखाली शिरली ती बाहेरच येईना. शेवटी लेकीने पालथं पडून तिला ओढून काढलं आणि घेऊन गेली. तेव्हापासून नात या घरात आलेली नाही. लेकीची अट: पप्पा, तुम्ही सुधारलात हे तुम्ही नका सांगू. मम्मी सांगेल तेव्हा आणीन. मम्मी खोटं बोलत नाही.

म्हणजे मी बोलतो का? विचारलं नाही. ही सुरुवातच म्हणायची.

तर आता सगळं हिच्या शब्दावर. ही म्हणजे बायको.

काळजी नाही. फ्रेमचं काम मला कोणी शिकवलं नाही. कोपरे वाया घालवत घालवत स्वतः शिकलो. आज या भागात माझ्यासारखा बिनफटीचा कोपरा कोणाचा लागत नाही. संयम त्याहून अवघड नसावा. बायबलमध्ये आत्म्याच्या फळाची यादी आहे, ती काल तपासली. प्रीती, आनंद, शांती वगैरे जवळजवळ सगळं माझ्याकडे आहे. शेवटचं, इंद्रियदमन, तेवढं राहिलं आहे. किरकोळ काम.

शिस्त: पहाटे उठणे. गुडघ्यावर प्रार्थना. एक अध्याय वाचन. बुधवारी उपास. आवाज चढवणे पूर्ण बंद.

२ सप्टेंबर

उशिरा उठलो. अलार्म वाजला असणार, पण घड्याळ हिच्या बाजूला होतं. काही बोललो नाही. फक्त घड्याळ उचलून माझ्या बाजूला ठेवलं, जरा आवाज करून.

गुडघ्यांना फरशी टोचते. टोचलं की लक्ष देवाकडून गुडघ्याकडे जातं. म्हणून जाड पुठ्ठा, त्यावर फोम, वर रेक्झिन अशी गुडघ्यांसाठी गादी केली. कडा दुमडून आतून स्टेपल. दोनदा उसवून पुन्हा केली, शिवण वाकडी येत होती. सुरेख झाली आहे. त्यात दुपार झाली, प्रार्थना राहिली. उद्या.

३ सप्टेंबर, बुधवार

उपास. सकाळी मन अगदी हलकं.

शाळेच्या रिटायर्ड हेडबाई आल्या. शाळेचा ग्रुप फोटो फ्रेमला. म्हणाल्या, थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल हो, पॅसेजमध्येच लावायचाय.

चालेल!

पुढचं नीट आठवत नाही. हेडबाई फोटो घेऊन गेल्या. ही आतून येऊन दारात उभी राहिली. मी स्पष्ट केलं की दुकान म्हणजे घर नव्हे, आणि लेकीची अट घराबद्दल आहे. ही म्हणाली, मधे एक पडदा आहे तेवढाच ना? आणि आत गेली.

उपास सोडला. रिकाम्या पोटाने संयम राहत नाही हे आज प्रयोगाने सिद्ध झालं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. माणूस तरुण आहे, पण वाचन बरं. प्रवचनात अध्यायांचे आकडे चुकवतो. मी नंतर सांगतो त्याला.

सगळं ऐकून म्हणाला, काका, राग आला की समोरच्याशी बोलू नका. डोळे मिटा, आणि जे काही मनात आहे ते प्रभूला सांगा.

किती साधी सिस्टीम! आयुष्यभर मी चुकीच्या पार्टीशी बोलत होतो.

संध्याकाळी लगेच संधी आली. हिने दार आपटलं. मी उभ्या जागी डोळे मिटले आणि प्रभूला सांगितलं. दाराचं. खुर्चीवरच्या ओल्या टॉवेलचं. कात्री जागेवर नसते त्याचं. ही कामवाल्या बाईसमोर मला चिकट म्हणाली होती, त्याचंही. सगळं प्रेमाने, हिच्यासाठी क्षमा मागत मागत. मनात बोललं की माझे मुद्दे विस्कटतात, म्हणून मोठ्याने बोललो.

विशेष म्हणजे ही मधे एक शब्द बोलली नाही. प्रार्थनेत मधे बोलत नाहीत.

आमेन म्हटल्यावर विलक्षण शांत वाटलं. मला.

८ सप्टेंबर

आवाज चढवणे बंद ते बंदच. लक्षणीय प्रोग्रेस.

रात्रीच्या जेवणाआधीची घरची प्रार्थना आता बरीच भरीव झाली आहे. आज म्हटलं, हे प्रभू, तुझ्या दासीने आज पुन्हा गॅस चालू ठेवून शेजारी गप्पा मारल्या, तिला जागृती दे. तिने माझी चांगली फूटपट्टी डबा उघडायला वापरली, तिला विवेक दे. ही आमेन फार लवकर म्हणते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत. मी तेही प्रभूच्या कानावर घातलं.

अन्न गार झालं होतं. त्याबद्दल काही बोललो नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज ही म्हणाली, प्रार्थना मी करते.

आनंद झाला. हिचं आध्यात्मिक जीवन जरा मागे पडलं होतं.

हिने डोळे मिटले आणि म्हणाली, देवा, यांना तोंडावर सांगायची सोय नाही म्हणून तुला सांगते. दिवसभर हे करवतीशी बोलतात, संध्याकाळी तुझ्याशी. माझ्याशी कोण बोलतं? भुंगीला बघून किती दिवस झाले. हे सुधारले असं माझ्या तोंडून ऐकायला लेक थांबलीय, आणि मला खोटं बोलता येत नाही. मी काय करू ते सांग. आमेन.

पुष्कळच छोटी प्रार्थना. आभारप्रदर्शन नाही, पापांगीकार नाही, बांधणीच नाही. शिवाय प्रार्थनेचा उपयोग दुसऱ्याला टोमणे मारायला करणं बरोबर नाही. हे मी लगेच दुसऱ्या प्रार्थनेत मांडलं.

माझी संपेपर्यंत हिने भांडी घासून टाकली होती.

१४ सप्टेंबर, रविवार

उपासनेत मुक्त प्रार्थनेची वेळ आली. मंडळीत सहसा कोणी पुढे होत नाही, सगळे चपला बघत बसतात. मी उठलो. गायकवृंदासाठी प्रार्थना केली. डावीकडच्या दोघी पट्टी सोडतात, त्यांना कान दे. खजिनदारांना वक्तशीरपणा दे. पाळकसाहेबांना आकड्यांची स्मृती दे, कारण आजही त्यांनी सातवा म्हणून सहावा अध्याय सांगितला.

पाळकाने आमेन इतकं जोरात म्हटलं की माईक शिटी मारायला लागला.

नंतर बाजूला घेऊन म्हणाला, काका, मी म्हणालो होतो प्रभूला सांगा. प्रभूला बहिरेपण नाही. मी म्हटलं, "मनात सांगा" असं तुम्ही म्हणाला नव्हता, शब्द माझ्या चांगले लक्षात आहेत. त्याने हातातलं बायबल मिटलं. मग म्हणाला, डोळे मिटल्यावर समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही, एवढीच सोय झाली आहे का तुमची?

तरुण माणूस. दमला असेल. राग आला नाही. तिथल्या तिथे डोळे मिटणार होतो, तर तो घाईघाईने निघून गेला.

१८ सप्टेंबर, गुरुवार. दुपार.

लेकीचा फोन. हिला आला. मी पुठ्ठा कापायचा थांबलो.

लेक विचारत होती, ओरडले का? ऐकू येत होतं. फोनचा आवाज ही नेहमी फुल ठेवते.

ही खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. पडद्याच्या कड्या एकेक करून सरकवत राहिली. माझ्या तळहाताला घाम आला, पुठ्ठ्यावर डाग पडला. मग म्हणाली, घरात ओरडले नाहीत.

खरं आहे! शब्दशः खरं!

लेक म्हणाली, मग तुझा आवाज असा का? ही म्हणाली, पण... आणि माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटले. मोठ्याने काही म्हटलं नाही, फक्त ओठ हलवले. डोळे उघडले तर ही अजून बघत होती. मग फोनमध्ये म्हणाली, रविवारी चर्चनंतर जेवायला या तिघं. तूच बघ.

साक्ष मिळाली. "पण"कडे फार लक्ष द्यायचं कारण नाही. बायकांच्या बोलण्यात असतो.

२० सप्टेंबर, शनिवार

उद्याची तयारी पूर्ण. काचा सगळ्या वरच्या फळीवर. करवत कपाटात. कामाच्या टेबलाखाली स्वच्छ झाडून घेतलं, शिरलीच तर धूळ नको.

मुख्य गोष्ट म्हणजे भेट. गेल्या महिन्यात भुंगीने हिच्याकडे माझ्यासाठी एक चित्र पाठवलं होतं. घर, झाड, दारात मी हातोडी घेऊन. हातोडी ओळखू येते. त्याला फ्रेम केली. अक्रोडी रंगाची पट्टी, क्रीम माउंट. फक्त कागद वहीतून फाडलेला, एक कड तिरकी. गुण्या लावून पाहिलं, काटकोनाच्या जवळपासही नाही. उजवीकडची पट्टी कापून टाकली. तिथे काही नव्हतंच, एक जांभळा ठिपका होता, पेन सांडलं असावं.

आता बघण्यासारखं झालं आहे. जेवणाच्या टेबलासमोर टांगलं, म्हणजे जेवताना दिसेल. पोरीला कळेल आजोबांचं प्रेम म्हणजे काय.

हिला दाखवलं. म्हणाली, छान. मग जवळ जाऊन बघितलं आणि विचारलं, इथे काहीतरी होतं ना? मी म्हटलं, डाग. ही आत निघून गेली. जरा टेन्शनमध्ये दिसते. स्वाभाविक आहे.

२१ सप्टेंबर, रविवार. चार वाजता.

जसं घडलं तसं लिहितो.

आले. भुंगी आईच्या मागे. गुणगुणत नव्हती. मी अगदी हळू आवाजात ये म्हटलं. इतक्या हळू की जावई म्हणाला, पप्पा, घसा बसलाय का? जावई दातांचा डॉक्टर आहे, आणि प्रत्येक गोष्टीत विनोद करतो.

सगळे टेबलाला बसले. वाढून झालं. भुंगीने चित्र पाहिलं. मी वाट बघत होतो. तिने मान तिरकी केली. मग म्हणाली, मी कुठे गेले?

कोणाला कळेना. ती खुर्चीवरून उतरली, फ्रेमपाशी गेली, काचेच्या उजव्या कडेला बोट टेकवलं (बोट!) आणि म्हणाली, मी इथे होते. जांभळा फ्रॉक. आजोबांकडे येत होते.

मी शांतपणे समजावलं की कागद काटकोनात नव्हता. लेक म्हणाली, पप्पा, तुम्ही तिला कापून टाकलंत? मी म्हटलं, तिला नाही, डाग. जावयाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला. भुंगीचा ओठ लोंबायला लागला. ही म्हणाली, अहो, नुसतं चुकलं म्हणा. एवढंच म्हणा.

पूर्वीचा मी असतो तर काय झालं असतं देव जाणे. पण मी काय केलं? डोळे मिटले. तसंही जेवणाआधीची प्रार्थना व्हायचीच होती.

अन्नाबद्दल आभार मानले. मग भुंगीला कागदाच्या मधोमध चित्र काढायची बुद्धी मागितली, आणि बोटं आवरायची. तिच्या आईला लेकरू वाढवताना थोडी कठोरता. जावयाला गांभीर्य. हिला माझी बाजू घ्यायचं धैर्य, निदान पाहुण्यांसमोर. नंतर ओघ सुरूच झाला. इतकी वर्षं मनात साचलेलं एकेक व्यवस्थित क्रमाने येत होतं, शब्दासाठी कुठे अडलो नाही. टेबलावर हात आपटला असेल एखाद्या वेळी, भावनेच्या भरात. मधे खुर्च्या सरकल्यासारखं वाटलं. मला वाटलं, गुडघे टेकतायत. मधे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, शेजाऱ्यांची.

आमेन म्हटलं. कोणी आमेन म्हणालं नाही.

त्यांची चारही ताटं भरलेली. हिची पर्सही जागेवर नव्हती.

तरीही नोंद करतो: मी एकाही माणसावर ओरडलो नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

हिचा फोन. लेकीकडे आहे. परत कधी ते सांगितलं नाही. म्हणाली, भुंगी रात्रभर विचारत होती, आजोबा देवावर का ओरडतात, देवाने काय केलं?

मी म्हटलं, तिला सांग, ते ओरडणं नव्हे, ते... पुढचा शब्द सापडेना. मला शब्द सापडत नाही असं होत नाही. ही थांबली होती. मग म्हणाली, पोळ्या कालच्याच आहेत, गरम करून घ्या, आणि ठेवला.

केराच्या डब्यात चित्राची कापलेली पट्टी शोधली. शनिवारीच झाडून टाकली होती. मीच.

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. डोळे मिटले. घरात कोणी नाही म्हटल्यावर कोणाविषयी सांगावं हे सुचेना. माझ्याविषयी सुरुवात केली. "हे प्रभू, मी" इथपर्यंत ठीक झालं.

आज दिवसभरात माझा आवाज एकदाही चढला नाही. अगदी एकदाही नाही. हे हिने लेकीला सांगायला हवं होतं. पण ऐकायला ही इथे नव्हती.