दुपारचा श्वास आणि माईंचा आवाज

४ मार्च
ऑफिसात नवं खूळ. ताण कमी करायचा ऑनलाइन कार्यक्रम! रोज दुपारी जागेवरच हेडफोन लावायचे, डोळे मिटायचे आणि आतली बाई सांगेल तसा श्वास घ्यायचा. विमा कंपनीच्या तक्रारींचे फोन घेतो आम्ही. दिवसभर शिव्या खातो. फोन कमी करा म्हटलं, तर साहेब म्हणाले ते वरचे ठरवतात. रोग रेड्याला, औषध पखालीला!

५ मार्च
काल नीट ऐकलं नव्हतं. आज ऐकलं. तो आवाज माईंचा आहे.
माई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायच्या. गेल्या वर्षी फोन चालू असतानाच त्यांनी टेबलावर मान टाकली. हृदय बंद पडलं. त्यांच्या कानावरचा हेडफोन मीच काढला. पलीकडचा माणूस अजून भांडतच होता.
आणि आज तोच आवाज — 'सावकाश श्वास सोडा. तुम्ही सुरक्षित आहात.'
जेवण गेलं नाही.

९ मार्च
साहेबांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. माईंचा आवाज ग्राहकांना आवडायचा, म्हणून त्यांच्या जुन्या फोनच्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरने बनवलाय म्हणे. घरच्यांना विचारलंत का? तर रेकॉर्डिंग कंपनीचं असतं.
घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, माईंच्या यजमानांच्या कानावर घाला. उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं तर?

१२ मार्च
गेलो नाही. धीर होईना.
खरं सांगायचं तर मला बरं वाटतंय. दुपार झाली की त्या आवाजाची वाट बघतो. लाज वाटते.

१५ मार्च
गेलो शेवटी. माईंचे यजमान शिंपी आहेत. कुणाचा तरी कोट उसवत बसले होते. माझ्या मोबाइलवर कार्यक्रम लावून दिला. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. संपला तरी हेडफोन काढेनात.
मग म्हणाले, "आवाज तिचाच. पण ती अशी सावकाश कधी बोलली नाही हो. सतत घाई. घर गाठायची घाई."
पुन्हा लावा म्हणाले. लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ते तिच्याशी बोलायला लागले, अगदी हळू. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.
निघताना विचारलं, बंद करा म्हणून कंपनीला लिहू का? मान हलवली. नको.

१६ मार्च
घरून लिहितोय. बाहेर अजून लख्ख ऊन आहे.
दुपारी डोळे मिटले. श्वास घ्या. सोडा. घ्या. मग मध्येच, भराभर — "उठा. घरी जा. जा!"
डोळे उघडले. मलाच भास झाला वाटलं.
आख्खी रांग हेडफोन काढून उभी राहत होती.