बसून खाल्ल्याचा कर

तीर्थरूप व्हर्नाताईस,

धाकट्या डेलबर्टचा साष्टांग नमस्कार (डावा गुडघा दुखतोय, तेव्हा सातच अंगं धर). तुझं ब्लडप्रेशर, ॲरिझोनाचं ऊन आणि भावोजींचा पारा, तिन्ही उतरले असतील अशी आशा. इकडे विस्कॉन्सिनात एप्रिल लागला तरी अंगणात बर्फ आहे, पण आम्ही मजेत.

गेल्या जूनपासून आमची चीज फॅक्टरी सहा महिने बंद होती, हे तुला ठाऊकच आहे. मला बेकारभत्ता सुरू झाला आणि ताई, काय सुखाचे दिवस होते ते! आठवड्याला चार ठिकाणी नोकरी शोधल्याचं कळवायचं (एकदा तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवायलाही अर्ज केला), की तीनशे सत्तर डॉलर खात्यात. दर शुक्रवारी दोस्तमंडळींना तळलेले मासे आणि बिअर माझ्याकडून. भत्त्याच्या अर्जात एक प्रश्न होता, की दर आठवड्याला यातून कर कापायचा का? आता तूच सांग, शहाणा माणूस याला हो म्हणेल? मी 'नाही' इतक्या जोरात दाबलं की टेबल हललं. मार्लिसला मात्र सांगितलं, सगळं कापूनच हातात येतं. तेवढीच बायकोच्या जिवाला शांतता.

परवा लायब्ररीत गेलो. तिथे आपल्या झॅस्ट्रोबाई (हो, त्याच, गणिताच्या!) निवृत्तीनंतर लोकांचे कराचे कागद फुकटात भरून देतात. माझा कागद बघून म्हणाल्या, "डेलबर्ट, हे उत्पन्न आहे." मी म्हटलं, "अहो बाई, उत्पन्न नव्हतं म्हणूनच तर मिळालं!" त्यावर त्या शाळेतल्यासारख्याच उसासल्या. "बेकार तू होतास, पैसे नव्हते. पगारासारखाच कर लागतो त्यांना. अकराशे चौपन्न डॉलर, पंधरा तारखेच्या आत. आणि बायकोच्या पगाराचा कागद कुठाय? तो आणल्याशिवाय पुन्हा तोंड दाखवू नकोस." खरं सांगू? बाहेर पडताना माझी छाती फुगली होती. सहा महिने मार्लिस म्हणायची, नुसता बसून खातोस. आणि इथे सरकार लेखी देतंय की माझं बसणं ही कमाई होती! पण हे तिला सांगायची सोय नाही, एवढंच काय ते दुःख.

भावोजींना नमस्कार सांग, सांभाळून राहा.

तुझा,
डेलबर्ट

ता.क. अकराशे चौपन्न डॉलरचा चेक पाठव, आणि तो फॅक्टरीच्या पत्त्यावर. चोवीस वर्षांत मार्लिसशी हे एकच खोटं बोललोय, ताई. ते उघडं पडलं तर मला फार लाज वाटेल.

आणखी ता.क. वन्सं, हे अक्षर माझं, मार्लिसचं. यांनी तिकीट लावायला पाकीट माझ्याकडेच दिलं, तेही न चिकटवता! गेल्या जूनमध्येच मी आमच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात सांगून माझ्या पगारातून जादा कर कापायला लावला होता. नवरा ओळखते मी. माझा कागद जोडला की उलट सरकारच आम्हाला साठेक डॉलर परत देईल. तेव्हा पैसे पाठवू नका. पण पंधरा तारखेपर्यंत यांना काही कळवूही नका. परवापासून यांनी मागचा जिना दुरुस्त केलाय, सगळ्या खिडक्या पुसल्यात, आणि तळघर अजून बाकी आहे.