आठवी नदी

दम्माम, सौदी अरेबिया, बुधवार, जानेवारी १९९१

युद्धामुळे शाळा बंद, म्हणून लेकीला, मीनूला, ऱ्हाईन नदीचा धडा मीच शिकवला. स्वित्झर्लंडला समुद्र नाही, तरी ऱ्हाईनवरच्या बार्जेसमधून त्यांचा माल समुद्राला लागतो. मीनूने विचारलं, "आपल्याकडे तर समुद्र आहे, मग आपण का नाही जात?" पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे ह्यांना इथे कामाला आणणाऱ्या मालकाकडे, अडकलेत. ह्यांनी आजही मागितले. तो म्हणाला, "बुकरा." म्हणजे उद्या. रोजच उद्या.

पाणी तुटेल म्हणून टब भरून ठेवलाय. संध्याकाळी त्यातल्याच दोन तांब्यांत आंघोळ उरकली. नेहमीच्या सात नद्यांची नावं घेतली आणि ऱ्हाईनचंही घेतलं. चुकलं का माझं?

मीनू दाराबाहेरून हसली, "आई, वो तो फॉरेनर है."

म्हटलं, "आपणही इथे तेच. ती स्वित्झर्लंडचा माल सोडवते, आपल्यालाही सोडवील."