शंकरने गिनी बदलली नव्हती

मी, शकुंतला दत्तात्रय पिंपळखुटे, वय ७४, निवृत्त शिक्षिका, राहणार नेहरू नगर, भोपाळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर मुलगा अमेय व सून श्रुती यांना समान हिश्शाने मिळावे. जिन्याखालची खोली भाड्याने देऊ नये, तिथे ओल येते.

२. बँकेतील ठेवीतून पन्नास हजार रुपये भाग्यश्रीला द्यावेत. नऊ वर्षे तिने माझा स्वयंपाक केला आणि माझी बोलणी खाल्ली. उरलेली रक्कम अमेयची.

३. लग्नात सासूबाईंनी मला एक गिनी दिली होती. एका बाजूला इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला फावड्याच्या आकाराची ढाल. १९७६ साली तिला कडी लावायला मी माझा धाकटा भाऊ शंकर याच्याकडे दिली. तो सराफाच्या दुकानात कारागीर होता. दुसऱ्या दिवशी परत आणून म्हणाला, "ताई, ही पितळेची आहे." सासूबाई म्हणाल्या, "सोन्याची नेलीस, पितळेची आणलीस." यजमान गप्प राहिले. मीही. बोभाटा झाला, शंकरची नोकरी गेली. पुढे तो अशोका गार्डनमध्ये घड्याळे दुरुस्त करत राहिला आणि आमच्या घरी कधी आला नाही.

यंदा नाण्यांच्या प्रदर्शनात मी ती गिनी एका जाणकाराला दाखवली. ते म्हणाले, "माताजी, ये कभी सोने की थी ही नहीं." खऱ्या गिनीवर ढालीभोवती राजाच्या पदव्या असतात. माझ्या नाण्यावर 'छान जुन्या दिवसांच्या स्मरणार्थ' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आहेत. पत्ते खेळताना वापरायला अशी पितळी नाणी तिकडेच पाडत. मी इंग्रजी शिकवत होते, पण कधी वाचून पाहिले नाही.

माझा भाऊ निर्दोष आहे. माझ्या चारही पाटल्या त्याला द्याव्यात. तो नको म्हणेल, श्रुतीने ऐकू नये.

४. हे लिहिणार असल्याचे सांगायला मी शंकरकडे गेले. तो म्हणाला, "तू गेल्यावर वाचतील होय? तोवर मी तरी असेन का, ताई?" म्हणून काल भाऊबीजेला सासरची हयात असलेली सगळी माणसे बोलावली आणि शंकरला ओवाळण्याआधी तिसरे कलम मोठ्याने वाचले. शंकर खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "पुन्हा एकदा वाच."

मी वाचले.

स्थळ: भोपाळ
दिनांक: २४ ऑक्टोबर २०२५
सही: शकुंतला द. पिंपळखुटे

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. डॉ. रजनी अनंत खानझोडे
२. हर्षल केशव बोरीकर